गोळी कुणाची?

उपप्राचार्या बाई चहाला येणार म्हणून घरातल्या सगळ्या खुर्च्या बैठकीच्या खोलीत आल्या. खुर्च्यांपाठोपाठ आत्या आली, आत्यापाठोपाठ काका आला, आणि दोघांच्या मध्ये आई आली.

"वहिनी, त्याला सांगा पाय खाली घ्यायला," आत्या खिडकीकडे बघत म्हणाली. "सोफ्याचे अभ्रे कालच धुतलेत."

"वहिनी, तिला सांगा," काका छताकडे बघत म्हणाला, "पाय माझे आहेत आणि अभ्रे दादाचे."

दोघांच्या मध्ये एका उशीचं अंतर होतं. आईने आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. "भाऊजी, पाय. वन्सं, पोचलं त्यांना."

या बहीण-भावाचा अबोला आता घरातल्या जड कपाटासारखा झाला होता. कुणी हलवायच्या भानगडीत पडत नसे, सगळे वळसा घालून जात. काका कॉलेजात असताना गणिताचा पेपर आणि फुटबॉलचा सामना एकाच दिवशी आले होते. आत्याने वर्षभर त्याच्या मागे बसून गणित घोटून घेतलेलं. काका पेपर सोडून मैदानावर गेला आणि त्याचा संघ सणकून आपटला. जेवताना आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "पेपरातही शून्य, मैदानातही शून्य. सातत्य मात्र आहे हो!" काकाने ताट सरकवलं, आणि त्या दिवसापासून दोघांचं टपाल आईमार्फत सुरू झालं. आई तेव्हा नवी नवरी होती. सासरी तिला मिळालेलं पहिलं काम हेच.

पुढे आत्या शाळेत गणित शिकवायला लागली. काका बस आगारात इंजिनं दुरुस्त करायला लागला आणि संध्याकाळी मैदानावर पोरापोरींना गोलरक्षण शिकवू लागला. मग आईला गोळी झाली. जन्मली तेव्हा एवढीशी होती, की आजोबा म्हणाले, "ही मुलगी आहे की औषधाची गोळी?" नाव चिकटलं. ती मोठी होऊन कॉलेजच्या संघात गोलात उभी राहिली, तेव्हा मैत्रिणी तिला 'गोली' म्हणू लागल्या. घरच्यांना वाटलं, कॉलेजातल्या मुलींना ळ म्हणता येत नाही.

सकाळची गोळी आत्याची होती आणि संध्याकाळची काकाची. आत्याने तिला गणित दिलं, काकाने डाइव्ह मारायला शिकवलं. भांडणात हरलेला गड दोघंही तिच्या रूपाने पुन्हा लढवत होते, आणि गोळी दोन्हीकडच्या तोफा मजेत वाजवत मोठी झाली. संख्याशास्त्रात विद्यापीठात पहिली आली, आणि काल झालेल्या अंतिम सामन्यात दोन पेनल्टी अडवून तिने कॉलेजला करंडक मिळवून दिला. आता कॉलेज दरवर्षी एकाच विद्यार्थ्याला जो मान देतं, अभ्यासात, मैदानावर आणि समाजात, तिन्हीकडे नाव काढणाऱ्याला, त्यासाठी तीन नावं उरली होती. उपप्राचार्या बाई तिघांच्याही घरी जाऊन येणार होत्या. हे घर शेवटचं होतं.

बाबा जिना चढून वर आले. खाली रस्त्यावर त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, त्यांच्या आजोबांनी काढलेलं. रविवारी अर्धं शटर खाली असायचं.

"आपण आधी ठरवून घेऊ," बाबा म्हणाले. "बाई विचारतील, मुलगी अशी कशी घडली. चौघांनी चार उत्तरं द्यायची नाहीत. एकवाक्यता हवी."

"एकच उत्तर आहे, दादा," आत्या म्हणाली. "पाया. गणिताचा पाया."

"दादा, जरा विचार तिला," काका म्हणाला, "पेनल्टी कुणी अडवली, पायाने की हाताने?"

"वहिनी, त्याला सांगा, कोन काढता आला नाही तर हात दोन काय नि दहा काय!"

"मी चहाचं बघते," आई म्हणाली आणि टपाल खोलीतच ठेवून स्वयंपाकघरात गेली.

कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत आजोबा आपला चष्मा पुसत बसले होते. चष्मा स्वच्छ होता. तरी ते पुसत होते.

"अण्णा, तुम्ही काय सांगणार?" बाबांनी विचारलं.

"मी? मला ऐकू कमी येतं," आजोबा म्हणाले. हे त्यांनी स्पष्ट ऐकून सांगितलं होतं.

उपप्राचार्या बाई आल्या तेव्हा गोळीचा पत्ता नव्हता. काल पेनल्टी अडवताना करंगळी दुखावली होती, तिला पट्टी बांधून घ्यायला ती गेली होती. बाई उंच होत्या, पांढरे केस कापलेले, आणि कुठलीही गोष्ट पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा चेहरा. आत्याला त्या चेहऱ्याची धास्ती वाटली. वर्गात पाठ न केलेलं पोर नेमकं ओळखणाऱ्या शिक्षकांचा चेहरा असा असतो. ती स्वतः तसाच ठेवायची.

"तिच्या एका शोधनिबंधाची आमच्याकडे फार चर्चा आहे," बाई म्हणाल्या. "पेनल्टी मारणारी मुलगी धाव घेण्याआधी कुठे बघते आणि चेंडू कुठे मारते, याचा तिने वर्षभर अभ्यास केला. परिषदेत वाचला तेव्हा मोठमोठे प्राध्यापक उभे राहून प्रश्न विचारत होते."

"संभाव्यता तिला सातवीत असतानाच शिकवली होती मी," आत्या पटकन म्हणाली. "फासे घेऊन."

"त्यातल्या निम्म्या पेनल्ट्या मी मारल्यात," काकाने कप खाली ठेवला. "पाऊस, ऊन, थंडी. गुडघा गेला माझा त्या निबंधात."

"म्हणजे हा तुम्हा दोघांचा एकत्र निबंध म्हणायचा!" बाई म्हणाल्या.

असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. आत्याला वाटलं, 'नाही' म्हणावं, पण तोंडात बिस्किट होतं. काकाला वाटलं, 'नाही' म्हणावं, पण मग निबंध कुणाचा, हा प्रश्न आला असता. दोघांनी एकाच वेळी चहाचा घोट घेतला.

मग बाई बाबांकडे वळल्या. "पण खरं सांगू? गुण आणि करंडक तिन्ही मुलांकडे आहेत. समितीला भारावून टाकलं ते तुमच्या चष्म्यांनी."

"आमच्या चष्म्यांनी?" बाबा म्हणाले.

"रविवारच्या संघाच्या मुलांसाठी तुम्ही चष्मे दिलेत ना!"

बाबांना रविवारचा संघ ठाऊक होता. रेल्वेच्या जुन्या गोदामांमागच्या मोकळ्या जागेत गोळी तिथल्या वस्तीतल्या मुलांना फुटबॉल शिकवायची. तिथे काही मुलांना सोपा चेंडूही दिसेना, त्यांना सगळे 'ढ' म्हणायचे, आणि गोळीच्या लक्षात आलं की ही पोरं ढ नाहीत, त्यांना दिसतच नाहीये, हे मात्र बाबांना ठाऊक नव्हतं. ते आत्ता बाईंच्या तोंडून कळत होतं.

"एक मुलगा तर चष्मा लावून पहिल्यांदा मैदानावर आला आणि म्हणाला, 'अरे, झाडाला पानं सुटी सुटी असतात!'" बाई हसल्या. "तीसेक मुलांना चष्मे म्हणजे केवढी मोठी गोष्ट. आणि तुम्ही त्याचा कुठे गवगवाही केला नाहीत."

गवगवा कसा करणार? बाबांच्या डोळ्यांसमोर दुकानामागच्या खोलीतली लोखंडी ट्रंक उभी राहिली. जाड काळ्या फ्रेमा, गोल फ्रेमा, मांजराच्या डोळ्यांसारख्या फ्रेमा. फॅशन फिरून येते, या आशेवर त्यांनी त्या जपल्या होत्या. गेल्या महिन्यात ट्रंक सरकवताना ती हलकी लागली, तेव्हा त्यांना वाटलं होतं, व्यायामाचा गुण आला.

"छे, छे," बाबा म्हणाले. त्यांनी मान खाली घातली, आणि बाईंना तो विनय वाटला. "आपण काय... समाजाचं देणं असतं."

"आणि काचा? तुम्ही स्वतः घासून बसवता म्हणे."

बाबांची मान हळूहळू आरामखुर्चीकडे वळली. आजोबा एकदम तन्मयतेने चष्मा पुसू लागले. मागच्या खोलीतलं काचा घासायचं जुनं मशीन रोज दुपारी घरघरायचं. विचारलं की आजोबा म्हणायचे, "गंज चढू नये म्हणून फिरवतो रे."

बाईंनी मोबाइल काढून एक फोटो दाखवला. गोलपोस्टच्या जाळीला अक्षरांचा तक्ता टांगलेला. समोर एक डोळा हाताने झाकून उभी असलेली चिमुरडी. आणि तक्त्याशेजारी छडी घेऊन, गळ्यात शिटी अडकवून, आजोबा. रविवारी सकाळी मित्रांबरोबर पाय मोकळे करायला जाणारे आजोबा.

"शिटी कशाला, अण्णा?" बाबांनी दात न उघडता विचारलं.

"अक्षर चुकलं की फाऊल," आजोबा म्हणाले. त्यांना एकाएकी सगळं ऐकू येत होतं.

नेमकी तेव्हाच गोळी दारात उभी राहिली. करंगळीला पांढरी पट्टी, गुडघ्यावर माती. तिने फोटो पाहिला, बाबांचा चेहरा पाहिला आणि आजोबांकडे बघितलं. आजोबांनी खांदे उडवले.

"ये, ये," बाई म्हणाल्या. "तुझ्याबद्दलच चाललंय. मला एकच गोष्ट विचारायची राहिली. पुढे काय करणार?"

गोळीने तोंड उघडलं. पण गोळीला बोलायची गरजच पडली नाही.

"एम.एस्सी.," आत्या म्हणाली.

"क्लब," काका म्हणाला. "त्यांचा माणूस दोनदा बघून गेलाय हिला."

"दुकान," बाबा म्हणाले. "नंबर काढायचा कोर्स करून दुकानातच बसणार आहे. तसा शब्द दिलाय तिने मला."

"कुठेच जाणार नाही," आजोबा म्हणाले. "रविवारचा संघ कोण बघणार? मला वचन आहे."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग चौघांनी मिळून गोळीकडे. आयुष्यात पहिल्यांदा गोळीला गोलपोस्टची जाळी आपल्या मागे नसल्याचं जाणवलं. मागे नुसता जिना होता. पळता आलं असतं. पण बाई बघत होत्या.

"मी..." ती म्हणाली, "अजून विचार करतेय."

उपप्राचार्या बाईंनी रुमालाने तोंड झाकलं. खोकला आला होता की हसू, ते कुणाला कळलं नाही. चहा उत्तम झाल्याचं आईला सांगून त्या निघून गेल्या.

दार बंद झालं आणि न्यायालय बसलं.

"तुला क्लब म्हणाली?" आत्या कडाडली.

"आणि तुला एम.एस्सी.?" काका उसळला. "कधी?"

"सहामाहीच्या सुट्टीत. तुला?"

"त्याच सुट्टीत! संध्याकाळी!"

"म्हणजे सकाळी मला आणि संध्याकाळी तुला? ऐक ना, ही पोरगी आपल्याला बनवतेय."

"आपल्याला कधीपासून बनवतेय, ते शोधून काढ तू. तुला आकडेमोड येते."

आई बिस्किटांची बशी घेऊन मध्येच थबकली. मग तिने बशी टेबलावर ठेवली आणि एका खुर्चीत सावकाश बसली. एवढ्या वर्षांत या खोलीत ती अशी टेकून बसलीच नव्हती. गोळीच्याही ते लक्षात आलं. आत्या नि काका मात्र रागात इतके बुडाले होते, की आपण काय करून बसलोय हे त्यांना कळलंच नाही.

"बोल," आत्याने गोळीला फर्मावलं. "चौघांना चार शब्द का दिलेस?"

"कुणाला नाही म्हणता येईना," गोळी म्हणाली. "तू सकाळी इतकी खूश दिसायचीस, आत्या. काकाही. म्हटलं, आज राहू दे. मग तो आज लांबतच गेला."

"गोली आहेस तू!" काका ओरडला. "समोरच्याला नाही म्हणणं एवढंच तुझं काम. आणि घरात चारही बाजूंनी गोल खाल्लेस?"

आत्या खुदकन हसली. काकाच्या विनोदावर. तिने लगेच चेहरा सावरला, पण हसू सुटून गेलं होतं, आणि काकाने ते पाहिलं. त्याने मिशीखालून ओठ दाबले.

गोळीने खुर्ची ओढली. आता सगळं सांगून टाकायचं असं तिने ठरवलं. क्लब खरा होता, मोठ्या शहरातला, एका हंगामाचा करार. त्याच शहरातल्या विद्यापीठात एम.एस्सी.चे वर्ग दुपारनंतर भरत. तिने विभागप्रमुखांशी फोनवर बोलून ठेवलं होतं. रविवारच्या संघासाठी तिने आपल्याच कॉलेजच्या दोन मुली तयार केल्या होत्या, डोळे तपासायला आजोबा होतेच.

"हजेरी?" आत्याने विचारलं.

"आणि सामन्यांचं काय?" काकाने विचारलं, पण गोळीला नव्हे, आत्याला. "परगावच्या मैदानावर सामना असला की हिला दोन दिवस बाहेर राहावं लागेल. ते कसं बसवायचं?"

"त्या दिवसांचा अभ्यास मी फोनवर करून घेईन तिच्याकडून."

"बसमध्ये रेंज नसते, ताई."

"तू बसवाला ना? मग कुठे असते ते शोध की!"

दोघं टेबलावर वाकून हंगामाचे महिने नि परीक्षेचे महिने जुळवायला लागले. मध्येच आवाज चढत होते. उशी खाली पडली ती कुणी उचलली नाही. गोळी त्यांच्या मध्ये बसली होती आणि तिला कुणी काही विचारत नव्हतं. ज्या दोघांना सांभाळता सांभाळता तिची दमछाक व्हायची, ते आता एकजूट होऊन तिच्या अंगावर आले होते. हे जास्त कठीण जाणार, असं तिला वाटलं, आणि फार बरंही वाटलं.

फोन वाजला. आईने घेतला, दोनदा "हो का" म्हणाली आणि रिसीव्हर छातीशी धरून सगळ्यांकडे वळली. "हिचं नाव नक्की झालं. बाई म्हणतात, बाकीच्या दोन घरांत सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, पाठ केल्यासारखं. आपल्या घरात निदान सगळे खरं बोलत होते."

काकाने आरोळी ठोकली. आत्याने गोळीच्या पाठीत एक धपका घातला आणि मग तिला जवळ घेतलं. आजोबांनी खिशातून शिटी काढून ती जोरात फुंकली, तेव्हा कळलं की ती घरातही त्यांच्याजवळ असते.

या गोंधळात बाबा खोलीतून हळूच निघून गेले होते.

ते खाली दुकानात, काउंटरमागच्या उंच खुर्चीवर बसले होते. अर्ध्या शटरखालून रस्त्यावरचा उजेड फरशीवर आला होता. भिंतीवरच्या फ्रेमा ओळीने त्यांच्याकडे बघत होत्या. मुलीचं नाव झालं, याचा त्यांना आनंद होता. बाईंसमोर आपण न केलेल्या दानाचा मोठेपणा घेतला, याची लाज होती. आणि त्याहून खोल काहीतरी टोचत होतं. वरच्या त्या सगळ्या बेतात, क्लबात, विद्यापीठात, मैदानात, या खुर्चीचा उल्लेख कुणीच केला नव्हता.

गोळी वाकून आत आली.

"फ्रेमा विचारून न्यायला हव्या होत्या, बाबा."

"विचारलं असतंस तर मी दिल्या नसत्या," बाबा म्हणाले. "म्हणून न विचारता नेल्यास, ते बरं केलंस." मग थोडं थांबून, "त्या मुलाला खरंच पानं सुटी दिसली?"

"दिसली. मग तो खेळायचा थांबला आणि झाडच बघत बसला. आम्ही दोन गोल खाल्ले."

बाबा हसले. गोळीही हसली. आणि हसणं संपायच्या आत आपण बोललो नाही तर पुन्हा शब्द द्यावा लागेल, हे तिला कळलं.

"मला दुकान नकोय, बाबा."

बाबांनी काउंटरवरचं मऊ फडकं उचललं, घडी घातली, पुन्हा उघडलं. "माझ्या आजोबांनी हे काढलं तेव्हा समोर रस्ता नव्हता," ते म्हणाले. "नुसती वाट होती."

"माहितीये."

"मग मी हे कुणाकरता चालवतोय?"

गोळीने पट्टी बांधलेली करंगळी घट्ट धरली. चेंडू सुटला की सुटला, त्याच्यामागे धावता येत नाही. ती रडली नाही, पण बाबांकडे बघणंही तिला जमेना.

"मला हवंय," मागून आवाज आला.

आई शटरखालून आत येऊन उभी होती. तिच्या हातात अजूनही बिस्किटांची बशी होती.

"काय हवंय?" बाबांनी विचारलं.

"दुकान."

"तुला?" बाबांना वाटलं, ती थट्टा करतेय. "तू कधी मागितलंस?"

"तुम्ही कधी विचारलंत? लेकीला विचारलंत. ती नाही म्हणाली तर पुतण्या नाही, भाचा नाही, म्हणून सुस्कारे टाकाल. मी इथेच आहे की."

"अगं, पण कधीपासून तुझ्या मनात..."

"तुम्ही दुपारी झोपायला लागलात तेव्हापासून," आई म्हणाली. "दुपारची गिऱ्हाइकं काय परत जातात असं वाटलं तुम्हाला? काडी बदलणं, नाकाचे पॅड बसवणं, कुणाच्या चेहऱ्याला काय शोभेल ते सांगणं. अण्णांनी शिकवलं मला. नंबर काढायचा कोर्सही करायचाय. त्यांनी चौकशी केलीये."

"अण्णांनी!" बाबा उद्गारले. "या घरात अण्णांना ठाऊक नाही असं काही आहे का?"

"तुमचं घोरणं. झोपेत त्यांना खरंच ऐकू येत नाही."

गोळीने तोंडावर हात दाबला. बाबा एकदा बायकोकडे, एकदा मुलीकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग यावा की नाही याची चर्चा चालली होती, आणि राग हळूहळू हरत होता. आईने बशी काउंटरवर ठेवली, पलीकडून आली आणि त्यांच्या खुर्चीपाशी उभी राहिली. नुसती उभी राहिली. शेवटी बाबा उठले आणि बाजूला झाले.

खुर्ची उंच होती. आईचे पाय जमिनीला टेकले नाहीत. पण ती बसली ती अशी, की खुर्चीची उंची तिला आधीपासून ठाऊक असावी.

शटर वाजलं. एक बाई वाकून आत डोकावली. तिच्या हातात मोडक्या काडीचा चष्मा होता. "रविवार आहे माहितीये, पण याच्याशिवाय मला काही दिसत नाही हो. करून मिळेल का?"

"या ना," आई म्हणाली आणि तिने लहान पेचकस उचलला.

बाई आत आली. गिऱ्हाइकांच्या बाकावर एक गृहस्थ बसलेले तिला धुरकट दिसले. ती अदबीने थांबली.

"यांचा नंबर आधी असेल ना?"

"नाही, नाही," बाबा सरकून बाकावर जागा करून देत म्हणाले. "तुमचं होऊ द्या आधी. मला काही घाई नाही."